दोन ‘जाती’ : प्राणिशास्त्राचे वर्गीकरण आणि वासेट्ठसुत्त

मराठी शास्त्रीय परिभाषेत प्राण्यांच्या वर्गीकरणाच्या सात प्रमुख पायऱ्या सांगितल्या जातात : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती. पालीच्या अभ्यासकाला ही नावे ओळखीची वाटतात. संघ, गण, कुल हे शब्द त्रिपिटकात ठिकठिकाणी भेटतात. मात्र तेथे ते भिक्खूंच्या, गणराज्यांच्या आणि घराण्यांच्या संदर्भात येतात. शेवटच्या शब्दाशी आपला परिचय अधिक जुना आणि अधिक कटू आहे. वाघ ही एक जाती, मोर ही दुसरी जाती, माणूस ही तिसरी जाती, असे विज्ञानाचे पुस्तक सांगते. त्याच वेळी माणसामाणसांत हजारो जाती आहेत असे समाज सांगतो. शब्द एकच आणि अर्थ दोन. या दोन अर्थांची गल्लत हीच जातिव्यवस्थेची सर्वांत मोठी मिळकत आहे. कारण माणसांतील जात ही वाघ आणि मोर यांच्यातील भेदाइतकीच निसर्गसिद्ध आहे, असा समज एकदा रुजला की तिच्याविरुद्ध तक्रार करण्याला जागाच उरत नाही.

ही गल्लत प्रथम कोणी उघडी केली, आणि शास्त्रीय वर्गीकरणाचा इतिहास त्याविषयी काय सांगतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

इच्छानंगलचा वाद

सुत्तनिपाताच्या महावग्गात वासेट्ठसुत्त आहे. हेच सुत्त मज्झिमनिकायातही ९८ व्या क्रमांकाने आले आहे. इच्छानंगल या गावाजवळच्या वनात तथागत विहार करीत होते. चंकी, तारुक्ख, पोक्खरसाति, जाणुस्सोणि, तोदेय्य असे त्या काळचे नामांकित ब्राह्मणही त्या गावी उतरले होते. पोक्खरसातीचा शिष्य वासेट्ठ आणि तारुक्खाचा शिष्य भारद्वाज हे दोघे तरुण फिरत असता त्यांच्यात वाद निघाला : ब्राह्मण कशाने होतो? भारद्वाजाचे म्हणणे असे की, आई आणि बाप या दोन्हीकडून सात पिढ्यांपर्यंत ज्याचे कुळ शुद्ध, तो ब्राह्मण. वासेट्ठाचे म्हणणे असे की, जो शीलवान आणि व्रतसंपन्न, तो ब्राह्मण. कोणीच कोणाला पटवू शकेना, तेव्हा दोघेही तथागतांकडे आले.

येथे तथागतांनी दिलेल्या उत्तराची पद्धत पाहण्यासारखी आहे. त्यांनी वेदाचा आधार घेतला नाही, एखाद्या देवाचा दाखलाही दिला नाही. प्रश्नकर्त्यांना ते सृष्टीकडे पाहावयास सांगतात. आधी गवत आणि झाडे. मग किडे, पतंग आणि मुंग्यांपर्यंतचे क्षुद्र जीव. मग लहानमोठे चतुष्पाद. मग पोटाने सरपटणारे लांब पाठीचे साप. मग पाण्यात वावरणारे मासे. आणि शेवटी पंखांनी उडणारे पक्षी. या प्रत्येक समूहात निरनिराळ्या जाती आहेत आणि प्रत्येकीची खूण तिच्या देहावरच आहे, असे ते म्हणतात. या खुणेला सुत्ताने ‘जातिमय लिंग’ अशी संज्ञा दिली आहे. पालीतील ‘लिंग’ म्हणजे खूण, चिन्ह, लक्षण. आणि ‘जातिमय’ म्हणजे जन्मानेच घडलेले. वड आणि पिंपळ यांची पाने त्यांना कोणी शिकविलेली नसतात. ती जन्मजात असतात, आणि पाहणारा कोणत्याही देशाचा असो, त्याला ती दिसतात.

यानंतर तथागत माणसाकडे वळतात आणि केसांपासून पायांपर्यंत एकेक अवयव मोजतात. डोके, कान, डोळे, तोंड, नाक, ओठ, भुवया, मान, खांदे, पोट, पाठ, हात, पाय, बोटे, नखे. इतकेच नव्हे तर वर्ण आणि आवाजही. यांपैकी कशातही माणसामाणसांत जातिमय लिंग सापडत नाही. माणसांत जो भेद बोलला जातो तो केवळ ‘समञ्ञा’ आहे, म्हणजे लोकांनी ठरवून दिलेले नाव आहे. पुढे ते हे नाव कशावरून पडते तेही सांगतात : गाईगुरे राखून जगणारा शेतकरी, कलाकौशल्यावर जगणारा कारागीर, व्यवहारावर जगणारा व्यापारी, शस्त्रावर जगणारा योद्धा, पौरोहित्यावर जगणारा याजक. म्हणजे पुरोहितपण हाही एक धंदा आहे आणि तो इतर धंद्यांच्या रांगेतच बसतो.

या युक्तिवादाची ताकद त्याच्या रचनेत आहे. भेद मुळी नाहीतच, असे तथागत म्हणत नाहीत. निसर्गात भेद आहेत हे ते आधी मान्य करतात, ते ओळखण्याची कसोटी ठरवितात, आणि मग तीच कसोटी माणसांना लावतात. कसोटी सर्वांना सारखी आणि तपासणी ज्याची त्याने करावयाची. वासेट्ठ आणि भारद्वाज यांना आपले डोळे उघडण्यापलीकडे काही करावयाचे नव्हते.

घोडी, गाढव आणि खेचर

मज्झिमनिकायातील ९३ वे अस्सलायनसुत्त हा विचार एक पाऊल पुढे नेते. सावत्थीला जमलेल्या ब्राह्मणांनी सोळा वर्षांच्या विद्वान अस्सलायनाला तथागतांशी वाद करण्यास पाठविले. तथागतांनी त्याला अनेक प्रश्न विचारले. ब्राह्मणाच्या स्त्रियाही ऋतुमती होतात, गर्भ धारण करतात, प्रसूत होतात आणि मुलांना पाजतात. मग ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले हे कसे? योन आणि कंबोज या देशांत आर्य आणि दास असे दोनच वर्ण आहेत आणि आर्याचा दास होतो, दासाचा आर्य होतो, हे तू ऐकले आहेस ना?

त्यानंतरचा प्रश्न प्राणिशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण आहे. घोडी आणि गाढव यांचा संयोग झाला तर होणारे पिल्लू खेचर असते. ते आईपेक्षाही वेगळे आणि बापापेक्षाही वेगळे. पण क्षत्रिय तरुण आणि ब्राह्मण कन्या यांचे मूल आईसारखेही असते आणि बापासारखेही, आणि त्याला क्षत्रियही म्हणता येते व ब्राह्मणही. अस्सलायनाला हे मान्य करावे लागते.

विसाव्या शतकात अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली ‘जाती’ची जी व्याख्या रूढ केली तिचा गाभा प्रजननाचा आहे : ज्या समूहांतील जीव निसर्गात एकमेकांपासून प्रजननक्षम संतती निर्माण करतात ते एका जातीचे. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या ६२, आणि खेचराच्या ६३; म्हणून खेचराला बहुधा पुढे संतती होत नाही. सुत्तातील युक्तिवाद खेचराच्या वंध्यत्वावर उभा नाही, त्याच्या दिसण्यातील वेगळेपणावर उभा आहे. दोहोंतील हे अंतर विसरू नये. तरीही भेदाची खरी परीक्षा संततीत होते, हे सूत्र दोन्हीकडे समान आहे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाशी या सुत्ताची तुलना करावी. तेथे भिन्न वर्णांच्या स्त्रीपुरुषांच्या संततीला वेगवेगळी नावे देऊन वेगवेगळ्या जातींत टाकले आहे. शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांच्या अपत्याला तर चांडाल म्हणून सर्वांत खाली लोटले आहे. म्हणजे जे पोर आईबापांसारखेच दिसते, चालते आणि बोलते, त्याला शास्त्रकार खेचर ठरवू पाहतो. निसर्गाने जो भेद केला नाही तो शब्दाने निर्माण करावयाचा आणि दंडाने टिकवावयाचा, ही ती रीत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला, त्यामागे या रीतीचा निषेध होता.

प्राचीनांचे गट

प्राण्यांचे गट पाडण्याची हौस सर्वच प्राचीन संस्कृतींत दिसते. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने रक्त असलेले आणि रक्त नसलेले असे दोन मोठे भाग केले. छांदोग्य उपनिषदात अंडज, जीवज आणि उद्भिज्ज असे तीन प्रकार आहेत. जैन परंपरेने इंद्रियांच्या संख्येवरून एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जीवांची मांडणी केली. चरकसंहितेत आहाराच्या दृष्टीने मांसाचे आठ वर्ग सांगितले आहेत. पाली वाङ्मयातही एकाहून अधिक मांडण्या आढळतात. पायांवरून अपद, द्विपद, चतुष्पद, बहुपद असे गट आहेत; जन्माच्या प्रकारावरून अंडज, जलाबुज, संसेदज आणि ओपपातिक अशा चार योनी आहेत.

यांपैकी कशालाही आजच्या अर्थाने प्राणिशास्त्र म्हणता येणार नाही. घामातून किंवा सडक्या पदार्थातून जीव उपजतात ही संसेदज योनीची कल्पना त्या काळी जगभर होती. इटलीत फ्रान्सिस्को रेदीने १६६८ साली मांसावरच्या अळ्या माश्यांच्या अंड्यांतूनच होतात हे दाखविले, आणि पुढे लुई पाश्चरच्या प्रयोगांनी तिचा निकाल लागला. तेव्हा तथागतांनी आधुनिक वर्गीकरण आधीच सांगून ठेवले होते, असा दावा करण्याचे कारण नाही. असे दावे इतर धर्मांचे लोक करतात आणि त्यात विज्ञानाचाही मान राहत नाही, धम्माचाही नाही. वासेट्ठसुत्ताचे मोल त्यातील प्राण्यांच्या यादीत नाही. त्यातील कसोटीत आहे.

लिनियसची चूक आणि शास्त्राची दुरुस्ती

आधुनिक वर्गीकरणाचा पाया स्वीडनचा कार्ल लिनियस (१७०७-१७७८) याने घातला. त्याच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती १७३५ ची. पण प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ १७५८ च्या दहाव्या आवृत्तीपासून धरला जातो. तीत त्याने चार हजारांहून अधिक प्राण्यांना दोन शब्दांची लॅटिन नावे दिली : पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. मोर ‘पॅवो क्रिस्टॅटस’ झाला, माणूस ‘होमो सेपियन्स’. याच आवृत्तीत लिनियसने देवमाशाला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत घातले, आणि माणसाला माकडांच्या शेजारी एकाच गणात बसविले. चर्चच्या युरोपात ही लहान गोष्ट नव्हती.

परंतु त्याच पानावर एक घसरणही आहे. माणूस ही एकच जाती मानूनही लिनियसने तिचे खंडांनुसार चार मुख्य प्रकार पाडले : अमेरिकी, युरोपीय, आशियाई आणि आफ्रिकी. प्रत्येकाला त्याने एक रंग, एक स्वभाव आणि एक राज्यपद्धती चिकटविली. युरोपीय माणूस कायद्याने चालतो, आशियाई मतांनी, अमेरिकी रूढींनी, आणि आफ्रिकी लहरीने! मोराचे वर्णन करताना पिसांवर आणि चोचीवर थांबणारी लेखणी माणसापाशी येताच शील आणि शासन ठरवू लागली. चार रंग, चार स्वभाव आणि युरोपीयाला कायद्याचा मान. आपल्याकडच्या चातुर्वर्ण्याशी हे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे. समाजातील उच्चनीचता निसर्गाच्या नावावर खपविण्याचा मोह केवळ भारतीय पुरोहिताला झाला असे नाही.

पुढे ब्लूमेनबाखने माणसाचे पाच प्रकार सांगितले. डार्विनने १८७१ च्या आपल्या मानववंशविषयक ग्रंथात निरनिराळ्या विद्वानांची मते एकत्र केली, तेव्हा मानववंशांची संख्या कोणी दोन, तर कोणी त्रेसष्ट सांगत होते. पालीच्या विद्यार्थ्याला यात वासेट्ठसुत्ताची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. जातिमय लिंग खरोखर असते, तर मोजणाऱ्यांत एवढा फरक पडला नसता.

येथे शास्त्राचा एक मोठा गुण लक्षात घ्यावा. त्याचे वर्गीकरण स्वतःला दुरुस्त करते. लिनियसने सजीवांच्या दोन सृष्टी मानल्या. १८६६ साली हेकेलने तिसरी सुचविली. १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकर यांनी पाच सृष्टींची मांडणी केली. कार्ल वूझ यांनी पेशींतील रेणूंच्या अभ्यासावरून १९७७ पासून ती हलविली आणि १९९० साली तीन अधिक्षेत्रांची मांडणी पुढे आली. डार्विननंतर गट पाडण्याचा आधारच बदलला. वरवरचे साम्य मागे पडून समान पूर्वजापासूनची उत्पत्ती महत्त्वाची ठरली. म्हणून आज देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग पाणघोडा मानला जातो, आणि पक्ष्यांची गणना डायनोसॉरच्या वंशात होते. पुरावा आला की नाव बदलते आणि जागाही बदलते. वर्णव्यवस्थेत मात्र पुरावा कितीही आला तरी जागा बदलण्यास मनाई आहे. एका वर्गीकरणाला परीक्षा हवी असते, दुसऱ्याला परीक्षेचेच भय असते.

मिलिंदपञ्हाच्या वाचकाला येथे एक शंका येईल. भदन्त नागसेनांनी राजा मिलिंदाला रथाचे उदाहरण देऊन दाखविले की चाक, आस, जू यांच्यापलीकडे ‘रथ’ म्हणून वेगळे काही नाही. तेही एक नाव, एक समञ्ञा आहे. मग गण आणि कुल ही शास्त्राची नावेही समञ्ञाच नव्हेत काय? होय, तीही नावेच आहेत, आणि कोणता समूह कोणत्या पायरीवर ठेवावा यावर प्राणिशास्त्रज्ञांतही मतभेद असतात. परंतु नाव असणे हा दोष नव्हे. आपण नाव ठेवले आहे हे विसरणे हा दोष आहे. शास्त्रज्ञ ते विसरत नाही, म्हणून तो नाव मागे घेऊ शकतो. जात मानणारा ते विसरतो, किंवा विसरल्याचे दाखवितो.

महाराष्ट्रातील वारसा

वासेट्ठसुत्ताचा युक्तिवाद अश्वघोषाच्या नावावर असलेल्या ‘वज्रसूची’ने संस्कृतात चालविला. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्याच जातीचे शस्त्र उपसले. मत्स्यावताराची कथा तपासताना मासा आणि माणूस यांच्या अवयवांत, आहारात आणि उत्पत्तीत केवढे अंतर आहे, हे ते वाचकापुढे ठेवतात आणि अशा संबंधातून माणूस कसा जन्मेल असे विचारतात. पुराणकथेला प्राणिशास्त्राने दिलेले हे उत्तर आहे.

वसाहतकाळात या वादाला मोजपट्टीचे रूप आले. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाची रुंदी आणि उंची यांच्या प्रमाणावरून, म्हणजे नासिकांकावरून, जातींचा वांशिक दर्जा ठरविण्याचा प्रयत्न केला. नाक जितके रुंद तितका समाजातील दर्जा खालचा, असा त्यांचा दावा होता. तथागतांनी अवयवांच्या यादीत नाकाचे नाव स्पष्टपणे घेतले होते. पंचवीस शतकांनी वाद पुन्हा त्याच नाकावर येऊन थांबला.

त्याला उत्तर दिले बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’ या प्रबंधात त्यांनी दाखविले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया एकाच वंशाचे आहेत. जात हा एकाच वंशाच्या माणसांचा सामाजिक विभाग आहे. १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी प्रत्यक्ष नासिकांकाचे आकडे हाती घेतले आणि त्याच आकड्यांवरून अस्पृश्यतेचा वांशिक सिद्धांत मोडून काढला. विरोधकाची मोजपट्टी घेऊन विरोधकाचेच म्हणणे तपासण्याची ही पद्धत इच्छानंगलच्या वनातील पद्धतीशी थेट जुळते.

आजचे जनुकशास्त्र याच दिशेने गेले आहे. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ साली दाखविले की मानवांतील जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता कोणत्याही एका समूहाच्या आतच आढळते. यावर एक आक्षेप हल्ली ऐकू येतो : भारतातील जातींच्या जनुकांत थोडे फरक सापडतात, मग जात नैसर्गिकच नव्हे काय? हैदराबादच्या सीसीएमबीतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी मिळून २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे उत्तर आहे. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील समूहांत मोठ्या प्रमाणावर मिश्रण होत होते. त्यानंतर समूहाबाहेरचे विवाह घटले आणि समूह बंद झाले. म्हणजे जनुकांतील फरकामुळे जात झाली नाही, तर जातीच्या विवाहबंदीमुळे तो फरक साचला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात तरुण भीमरावांनी सजातीय विवाह हेच जातीचे मर्म असल्याचे सांगितले होते. कुंपण घातल्यावर आत उगवलेले गवत दाखवून कुंपण निसर्गाने घातले, असे म्हणता येत नाही.

भिंत आणि अर्ज

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर अजिंठा आहे. तेथील सतराव्या लेण्यात जातककथांची चित्रे आहेत. त्यांत हत्ती, माकड, रेडा, हंस हे पाहताक्षणी ओळखू येतात. चित्रकाराने त्यांची जातिमय लिंगे काळजीपूर्वक रंगविली आहेत. माणसांत राजा मुकुटावरून आणि सेवक वस्त्रांवरून ओळखावा लागतो. मुकुट उतरविला तर भिंतीवर एक माणूस उरतो. इच्छानंगलचे उत्तर याहून सोप्या रीतीने समजावून देणे कठीण आहे.

आणि तरीही समञ्ञा दुबळी नसते. याच शहरातील पुंडलिकनगरमधील एखाद्या घरात दहावीच्या मुलीसमोर विज्ञानाच्या पुस्तकातील प्राण्यांच्या वर्गीकरणाचे प्रकरण उघडलेले असते, आणि त्याच टेबलावर तिच्या वडिलांनी आणलेला जातप्रमाणपत्राचा अर्ज पडलेला असतो. १९५६ साली आपण जात सोडली. मग अर्जात ती का लिहावयाची, असे ती विचारील. तिला उत्तर मिळाले पाहिजे. १९९० च्या कायदादुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना संविधानाचे संरक्षण मिळाले, ते जात खरी म्हणून नव्हे. त्या नावाने शतकानुशतके अन्याय झाला हे खरे, म्हणून. ज्या नावाने दार बंद केले, त्याच नावाने ते उघडून घ्यावे लागते. अर्जातील शब्द हा समाजाने केलेल्या कृतीची नोंद आहे; पुस्तकातील शब्द हे निसर्गातील खुणेचे नाव आहे. पहिला शब्द एक दिवस अनावश्यक झाला पाहिजे, दुसरा राहील.

मराठी परिभाषेने ‘जाती’ऐवजी दुसरा शब्द घ्यावा, अशीही सूचना कोणी करील. परंतु शब्द टाळून गल्लत टळत नाही. ती समजावून द्यावी लागते. आपल्या विहारांतील रविवारच्या संस्कारवर्गांत वासेट्ठसुत्त आणि शाळेतील प्राण्यांच्या वर्गीकरणाचे प्रकरण शेजारी ठेवून शिकविता येईल. धर्मानंद कोसंबींमुळे सुत्तनिपात मराठीत आहे. विज्ञानाचे पुस्तक प्रत्येक विद्यार्थ्याच्या दप्तरात आहे. मुलांना आधी अंगणातल्या झाडांची पाने गोळा करून त्यांच्या खुणा ओळखावयास सांगाव्यात, मुंगी आणि मुंगळा यांतील फरक दाखवावयास सांगावा, आणि मग एकमेकांच्या हातांकडे पाहावयास सांगावे. तथागतांनी दोन ब्राह्मण तरुणांना याहून वेगळे काही सांगितले नव्हते.